लडलोची पायी टूर: गाव छान समजतं, पण पूल ओलांडल्याशिवाय परत येऊ नका

पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते खाली लिहिलंय, आणि बुक करणार असाल तर तेवढं तरी नक्की वाचा, कारण त्यावरून तुमचा दिवस कसा आखायचा ते ठरेल.

लडलो म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला, श्रॉपशर काउंटीच्या दक्षिण टोकाला, वेल्सच्या हद्दीजवळचं बाजाराचं गाव. वस्ती साधारण दहा हजार. आम्ही बर्मिंगहॅमला राहतो, आई तीन महिन्यांसाठी आलीये, तिचं वय ७२ आणि एक गुडघा दुखरा, आणि बरोबर माझी दहा वर्षांची मुलगी, म्हणजे एकीला हळू चालायचंय आणि एकीला पळायचंय, अशी आमची टीम. शनिवार मुद्दाम निवडला कारण बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो आणि बाजाराच्या गावाला बाजार नसलेल्या दिवशी जाण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

ट्रेनने जा. श्रूजबरीला गाडी बदलली की तिथून अर्धा तास, श्रूजबरी ते हेरफर्ड या मार्गावरचं स्टेशन आहे, १८५२ पासूनचं. छोटंसं स्टेशन, बाहेर पडलात की जवळच एका सुपरमार्केटचं छप्पर लाटेसारखं वळवलेलं दिसेल, मागच्या टेकड्यांच्या ओळीशी जुळावं म्हणून तसं बांधलंय. तिथून गावात जायला दहा मिनिटं पण सगळी चढण. आई म्हणाली, अगं हे गाव टेकडीवर आहे हे आधी सांगायचं नाही का. मलाही नीट माहीत नव्हतं, नकाशात चढ कुठे दिसतो! आणि हेच पुढे दिवसभर आमच्या डोक्यात राहिलं, कारण लडलोमधली प्रत्येक गोष्ट त्या चढावर आणि खालच्या नदीवर ठरलेली आहे.

टूर दुपारची होती म्हणून सकाळी आधी किल्ला बघून घेतला. टूरमध्ये किल्ल्याच्या आतला भाग नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं, हे बुकिंग करताना स्पष्ट लिहिलेलं होतं त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. किल्ला ११व्या शतकाच्या शेवटचा, नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर लगेचच्या काळातला, द लेसी घराण्याने बांधलेला, आणि इंग्लंडमधल्या अगदी पहिल्या दगडी किल्ल्यांपैकी एक. आत गेल्यावर सगळ्यात आवडलं ते गोल चर्च. आतल्या पटांगणाच्या मधोमध १२व्या शतकातलं एक छोटं गोल बांधकाम उभं आहे, छप्पर गेलंय पण भिंत पूर्ण वर्तुळात शाबूत, आत भिंतीला लागून छोट्या छोट्या कमानींची ओळ. लेकीने त्याला आतून तीन फेऱ्या मारल्या.

इतिहास सांगत बसत नाही, पण दोन गोष्टी माहीत असल्या तर त्या रिकाम्या भिंतींकडे बघताना काही वेगळंच होतं. राजा चौथा एडवर्ड, त्याने आपला थोरला मुलगा लहानपणीच इथे वाढायला पाठवला होता, तो पोरगा १२ वर्षांचा असताना १४८३ मध्ये वडील गेले, त्याला राजा म्हणून लंडनला न्यायला निघाले आणि तो टॉवर ऑफ लंडनमध्ये गेला तो परत कुणाला दिसलाच नाही. आणि दुसरा आर्थर, सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा, लग्न होऊन जेमतेम पाच महिने झालेले, बायको कॅथरीन ऑफ अ‍ॅरागॉन बरोबर होती, २ एप्रिल १५०२ ला याच किल्ल्यात वारला, पंधरा वर्षांचा. तो जगला असता तर धाकटा भाऊ आठवा हेन्री राजा झाला नसता. आई त्या खोल्यांच्या खाली बराच वेळ उभी होती, मजल्यांची लाकडं गेली आहेत त्यामुळे शेकोटीच्या जागा भिंतीत अधांतरी लटकल्यासारख्या दिसतात, आणि ती एवढंच म्हणाली की पंधरा म्हणजे आपल्या सोनूपेक्षा पाच वर्षांनी मोठा फक्त.

किल्ल्यातून वेल्सचा सगळा सीमाभाग चालवला जायचा, त्यासाठीचं मंडळ इथे बसायचं, ते १६८९ ला बरखास्त झालं आणि मग किल्ला कुणाला नकोसा झाला. छपरावरचं शिसं गेलं, पाणी आत आलं, मग काय राहणार. १८११ मध्ये अर्ल ऑफ पोविसने तो सरकारकडून विकत घेतला आणि अजून त्यांच्याच घराण्याकडे आहे. बुरुजावर जिने चढता येतात, आई नाही चढली, खाली गवतावर बसली, बाकं आहेत.

आता टूर.

किल्ल्याच्या दारासमोर एक तोफ ठेवलीय, क्रिमियाच्या लढाईत रशियनांकडून आणलेली, तिथे जमायचं होतं. आमच्या गाइड साठीच्या एक बाई होत्या, हातात छत्री, पाठीला छोटी सॅक, आणि माइक वगैरे काही नाही. पहिलंच वाक्य त्यांनी असं टाकलं की डोळे मिटा आणि बोटाने दाखवा नदी कुठल्या बाजूला आहे. वीस जण होतो, वीस दिशांना बोटं. मग त्या म्हणाल्या की मी दोन तास प्रत्येक थांब्यावर हेच विचारणार आहे आणि शेवटी तुम्ही सगळे एकाच बाजूला बोट दाखवाल, तसं झालं नाही तर माझं काम नीट झालं नाही असं समजा. मला हे इतकं आवडलं! इतक्या टूर केल्यात, सगळीकडे सनावळ्या ऐकवतात, पण आपण जमिनीवर नक्की कुठे उभे आहोत हे कुणी विचारत नाही.

तर भूगोल असा. टेम नावाची नदी वेल्समधून येते आणि गावाला पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून वळसा घालते, पुढे जाऊन वूस्टरच्या खाली सेव्हर्नला मिळते. उत्तरेकडून कॉर्व्ह नावाची छोटी नदी येऊन टेमला मिळते. म्हणजे तीन बाजूंना पाणी आणि मधे उंचवटा. त्या उंचवट्याच्या पश्चिम टोकाला, जिथे खाली थेट कडा आहे, तिथे किल्ला. किल्ल्यापासून पूर्वेला उंचवट्याच्या माथ्यावरून सरळ बाजारपेठ. आणि बाजारपेठेतून दक्षिणेला नदीकडे उतरणारे दोन समांतर रस्ते, मिल स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीट. संपला नकाशा. गावाचं नावही यातूनच आलंय, जुन्या इंग्रजीत लडलोचा अर्थ खळाळत्या पाण्याजवळचा उंचवटा असा लावतात. १०८६ मध्ये राजाने गावोगावच्या जमिनींची जी नोंदवही करून घेतली, डोम्सडे म्हणतात तिला, तिच्यात लडलो हे नाव सापडत नाही, कारण गाव आपोआप वाढलेलं नाही, किल्ल्याच्या मालकांनी दारासमोर मोजून मापून प्लॉट पाडून वसवलं, १२व्या शतकात. बाईंनी छत्रीच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढून दाखवलं, अरुंद तोंडाचे आणि मागे लांबच लांब गेलेले प्लॉट, म्हणजे प्रत्येकाला रस्त्यावर दुकानाचं तोंड मिळावं. भाडं घ्यायचं, बाजारावर कर घ्यायचा, किल्ल्याला पैसा.

एक गोष्ट त्यांनी तिथेच उभं राहून सांगितली ती मला सकाळी किल्ला बघूनही सुचली नव्हती. चौकातून बघितला तर किल्ला फार काही उंच वाटत नाही, एक बसकी भिंत आणि दार. कारण किल्ल्याचा दरारा आपल्या बाजूला नाहीच, तो पलीकडे नदीच्या बाजूला आहे, वेल्सकडे तोंड करून. गावाकडे त्याची पाठ आहे. हे ऐकल्यावर मला ती बाजू बघायचीच होती, हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

चौकातला बाजार चालू होता. स्टॉलवर पट्ट्यापट्ट्यांचं कापड, चीज, पाव, रोपं, जुन्या वस्तू, मांस, शर्ट, मोबाइलची कव्हरं सुद्धा. लडलो खाण्यासाठी फार नावाजलेलं आहे, १९९५ पासून दर सप्टेंबरला फूड फेस्टिव्हल होतो, २००० च्या सुमारास एवढ्याशा गावात मिशेलिन स्टार असलेली तीन रेस्टॉरंट होती, आणि २००३ मध्ये स्लो सिटी, म्हणजे गावाचं जगणं आणि खाणं मुद्दाम संथ ठेवायच्या, चळवळीत सामील झालेलं हे ब्रिटनमधलं पहिलं गाव. पण बाई म्हणाल्या खाणं तुम्ही स्वतः शोधाल, मी तुम्हाला चौक दाखवते. हा चौक पूर्वी रिकामा नव्हता, इथे लाल विटांचा मोठा टाउन हॉल होता, १८८० च्या दशकात बांधलेला, १९८६ ला पाडला. आता त्या जागी स्टॉल लागतात.

आणि मग टूरमधला माझा सगळ्यात आवडता भाग. चौकातून पूर्वेकडे निघालं की एकदम रस्ता चिंचोळा होतो, एका बाजूला हार्प लेन, मार्केट स्ट्रीट, दुसरीकडे चर्च स्ट्रीट, सगळे अरुंद बोळ, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं लागतं. तुम्हाला वाटेल जुनं गाव म्हणजे बोळ असणारच. पण नाही, मुळात किल्ल्यापासून पूर्वेच्या बुल रिंगपर्यंत ही सगळी एकच रुंद मोकळी बाजारपेठ होती! मधले बोळ आणि घरं नंतरची. झालं असं की बाजाराच्या दिवशी स्टॉल लावायचा आणि संध्याकाळी काढायचा, तो कुणीतरी काढलाच नाही. मग त्याला वर छप्पर, मग मागे भिंत, मग वर एक मजला, आणि शंभर-दोनशे वर्षांत स्टॉलच्या रांगांच्या घरांच्या रांगा झाल्या आणि रांगांमधली जी जायची वाट होती तिचा बोळ झाला. म्हणजे आज आपण ज्या गल्लीतून चालतो ती मध्ययुगातल्या दोन स्टॉलच्या रांगांमधली जागा आहे. आईला हे भाषांतर करून सांगितलं तर ती लगेच म्हणाली, हो मग, एकदा फळी टाकली की कोण उचलतंय. बाईंना मी ते इंग्रजीत सांगितलं, त्या इतक्या हसल्या की पुढच्या थांब्यावर त्यांनी आईला हाताला धरून चालवलं.

त्या बोळातून एकदम सेंट लॉरेन्स चर्चसमोर येता. हे चर्च जवळून पूर्ण दिसतच नाही, चारी बाजूंनी घरांनी वेढलंय, मान वर करून टॉवर बघावा लागतो, १३५ फूट, १५व्या शतकातला. गावाच्या सगळ्यात उंच जागी असल्यामुळे दहा मैलांवरून दिसतो आणि दहा पावलांवरून दिसत नाही. वर जायला २०० पायऱ्या, टूरमध्ये नाहीत, लेक हट्ट करत होती पण वेळ नव्हता. आत मात्र नेतात. इंग्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या गाव-चर्चांपैकी एक आहे, लोकरीच्या आणि कापडाच्या व्यापारातून आलेला पैसा आणि पामर्स गिल्ड म्हणून एक श्रीमंत धार्मिक मंडळ, त्यातून हे उभं राहिलं.

आत कॉयरच्या, म्हणजे प्रार्थना गाणाऱ्यांच्या, बाकांवर वेळ काढा, प्लीज. मिसेरिकॉर्ड म्हणतात त्यांना, २८ आहेत, १५व्या शतकातले. प्रार्थना तासन्‌तास उभ्याने चालायची, म्हणून बाकाची बैठक वर दुमडली की तिच्या खालच्या बाजूला एक छोटी लाकडी कड असायची, उभं राहिल्यासारखं दिसून त्यावर टेकता यायचं. आणि त्या कडेखाली कोरीवकाम. कुणाला दिसणार नाही अशा जागी कोरायचं असल्यामुळे कारागिरांनी मनाला येईल ते कोरलंय, आरसा धरलेली जलपरी, शेकोटीजवळ हात शेकणारा माणूस. आणि एक बिअर विकणारी बाई, जिने मापात पाप केलं म्हणून सैतान तिला खांद्यावर टाकून नरकात घेऊन चाललाय, हातात तिचा तो कमी मापाचा मग अजून तसाच. बाजाराच्या गावातल्या चर्चमध्ये यापेक्षा योग्य चित्र कोणतं असेल! मापात पाप हे शब्द ऐकल्यावर आई वाकून बघायला गेली, गुडघा वगैरे विसरून.

आर्थरचं हृदय याच चर्चमध्ये पुरलं असं सांगतात, शरीर वूस्टरच्या कॅथेड्रलला नेलं. तशी खूण आहे आत.

इथे पुन्हा तोच प्रश्न, नदी कुठे? आता साधारण निम्मी बोटं बरोबर होती. लेक चुकली आणि चिडली.

पुढे बुल रिंग, नावाप्रमाणे गुरांच्या बाजाराची जागा, आणि तिथे द फेदर्स. फोटो तुम्ही पाहिलेच असतील, इंग्लंडच्या काळ्या-पांढऱ्या लाकडी घरांचे फोटो शोधले की हे येतंच. दर्शनी भाग १६१९ चा, लाकडाच्या चौकटीत इतकं कोरीव काम आहे की कुठे बघावं कळत नाही, वर कोरलेल्या शहामृगाच्या पिसांवरून नाव पडलं. आम्ही बाहेरूनच बघितलं. इथे मात्र ग्रुपचा आकार त्रास द्यायला लागला. फुटपाथ अरुंद, गाड्या चालू, वीस जण, बाई हळू आवाजात बोलणाऱ्या, मागच्या सात-आठ जणांना काही ऐकू येत नव्हतं आणि एक आजोबा तर सरळ सोडून गेले. बारा जणांच्या वर घेऊ नयेत किंवा मग माइक द्यावा. बाईंचा दोष नाही, ज्यांनी तिकिटं विकली त्यांचा आहे.

तिथून किंग स्ट्रीटने बटरक्रॉसला. १७४० च्या दशकातली दगडी इमारत, खाली खांबांवर मोकळी जागा जिथे लोणी विकायला बसायचे आणि वर घड्याळाचा मनोरा. छोटीशी आहे पण जागा अशी पकडलीय की ब्रॉड स्ट्रीटच्या चढाच्या बरोबर डोक्यावर, खालून येणाऱ्याला ती सिंहासनावर बसल्यासारखी दिसते.

आणि मग ब्रॉड स्ट्रीट. खरं सांगू का, इंग्लंडमध्ये इतकी वर्षं राहून इतका सुंदर रस्ता मी पाहिला नव्हता. रुंद, नदीकडे उतरत जाणारा, दोन्ही बाजूंना विटांची घरं, खिडक्यांच्या नीट ओळी, रंगवलेली दारं. आणि बाईंनी सांगितलं की यातल्या कितीतरी घरांचा विटांचा भाग म्हणजे फक्त चेहरा आहे, आत जुनी लाकडी चौकट तशीच आहे. १८व्या शतकात लाकडी घर जुनाट वाटायला लागलं, पण पाडून बांधायला पैसा जास्त लागतो, म्हणून समोर विटांची भिंत चढवली. ओळखायचं कसं तर बाजूच्या बोळात शिरून घराची कड बघायची, तिथे लाकूड दिसतं, किंवा छप्पर बघायचं, फार उतरतं असेल तर आतलं घर जुनं. लेकीने पुढची दहा मिनिटं प्रत्येक घराची बाजू तपासली. गावात जतन केलेल्या इमारती जवळजवळ ५०० आहेत म्हणे, आणि त्यातल्या बऱ्याच इथेच असाव्यात असं वाटतं. त्या काळात गावात हातमोजे शिवायचा मोठा धंदा होता, घराघरात बायका आणि मुलं शिवायची, तो १९व्या शतकात बसला. बाई म्हणाल्या गाव गरीब झालं आणि म्हणूनच वाचलं, नवीन बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता.

खाली ब्रॉड गेट. ही गावाची वेस. १२३३ च्या सुमारास तटबंदी बांधायला सुरुवात झाली, सात वेशी होत्या, त्यातली एवढीच मध्ययुगीन वेस उभी आहे. दोन गोल बुरूज, मधे कमान, आणि गंमत म्हणजे त्याच्या डोक्यावर नंतरच्या काळातलं एक राहतं घर बसवलंय, खिडक्या पडदे सगळं. गाड्या अजून त्या कमानीतून जातात.

आणि इथे टूर संपली.

इथेच माझा एक स्टार गेला. बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला, नदी कुठे, उरलेल्या सगळ्यांची बोटं बरोबर, टाळ्या झाल्या, आणि सगळे वर परत फिरले. अहो पण नदी तिथून चार मिनिटांवर आहे! दोन तास जिच्याबद्दल ऐकलं ती न दाखवता टूर संपते. मी बाईंना विचारलं तर त्यांनी हळूच सांगितलं की मला स्वतःला न्यायला आवडेल पण ठरलेल्या मार्गात पुलापलीकडचा भाग नाही, वेळ वाढतो आणि परत चढण आहे. मग त्यांनी आम्हाला कागदावर रस्ता काढून दिला. तो मी इथे देतेय, टूरनंतर हा करा, नाहीतर गाव अर्धंच बघितल्यासारखं होईल.

वेशीतून बाहेर पडा, लोअर ब्रॉड स्ट्रीटने खाली जा, समोर लडफर्ड ब्रिज. मध्ययुगीन दगडी पूल, अरुंद, पण पुलाच्या खांबांवर दोन्ही बाजूंना त्रिकोणी कोनाडे आहेत, गाडी आली की त्यात शिरून उभं राहायचं, पूर्वी बैलगाडी आली की शिरायचे, आज व्हॅन आली की शिरतात. आई तिथे कोनाड्यात दहा मिनिटं पाणी बघत उभी होती. पाण्यावर बंधारे आहेत, गिरण्यांसाठी बांधलेले, त्यामुळे नदीचा आवाज सतत येतो आणि गावाच्या नावातलं खळाळतं पाणी म्हणजे काय ते इथे कानाला कळतं. याच जागी ऑक्टोबर १४५९ मध्ये गुलाबांच्या युद्धातली, म्हणजे इंग्लंडच्या गादीसाठी दोन घराण्यांत झालेल्या लढाईतली, एक फजिती झाली, यॉर्कच्या ड्यूकचं सैन्य पुलाजवळ ठाण मांडून बसलं होतं, त्यातले काही लोक रात्री फितूर होऊन राजाकडे गेले, पुढारी अंधारात पळाले आणि सकाळी राजाच्या सैन्याने गाव लुटलं. भोगलं गावानं.

पूल ओलांडला की लगेच कोपऱ्यावर रस्त्याच्या कडेला खडकाची एक कापलेली भिंत आहे. दिसायला काहीच नाही, लोक बघत न बघत पुढे जातात. ही जागा जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांना माहीत आहे. लडलो बोन बेड म्हणतात, हाडांचा थर, जवळजवळ ४२ कोटी वर्षांपूर्वीचा, अगदी सुरुवातीच्या माशांचे खवले आणि काट्यांचे बारीक तुकडे त्यात खच्चून भरलेत. १८३० च्या दशकात मर्चिसन नावाच्या शास्त्रज्ञाने या भागातल्या खडकांचा अभ्यास करून सायलुरियन नावाचा पृथ्वीच्या इतिहासातला कालखंड मांडला, आणि आज त्या कालखंडातल्या एका टप्प्याचं अधिकृत नाव लडलो आहे आणि त्यातल्याही एका भागाचं लडफर्डियन, या पुलापलीकडच्या वस्तीवरून. याच भागातल्या खडकात १९९० मध्ये जमिनीवर राहणाऱ्या सगळ्यात जुन्या प्राण्यांपैकी काहींचे अवशेष मिळाले, कोळ्यासारखे छोटे जीव. खडकाला हात लावू नका, खरवडू नका, संरक्षित जागा आहे. लेकीला सांगितलं की ही जागा कधीतरी समुद्राखाली होती तर तिने भिंतीला कान लावला. हात नाही लावला, कान लावला.

तिथून उजवीकडे वर व्हिटक्लिफ कॉमन. कॉमन म्हणजे गायरान, गावकऱ्यांच्या हक्काची मोकळी जमीन. एक पायवाट नदीच्या काठाने झाडांतून जाते तिला ब्रेडवॉक म्हणतात, ती बनवणाऱ्या मजुरांना पैशांऐवजी पाव दिले म्हणून ते नाव असं सांगतात. ती बऱ्यापैकी सपाट आहे, आईला जमली, पण ओल असेल तर घसरते, एका बाजूला उतार आहे, बूट नीट घाला. वर माथ्यावर जायची वाट चढाची आहे, तिथे आम्ही सावकाश, तीनदा थांबत गेलो. वर बाकं आहेत.

आणि मग समोर सगळं गाव. अख्खं. डावीकडे किल्ला, आणि आता तो बसका नाही, कड्यावर उभा, बुरुजांवर बुरूज, खाली नदी. मधे चर्चचा टॉवर, जो जवळून दिसत नव्हता, तो इथून सगळ्यांच्या डोक्यावर. घरांची छपरं उतरत उतरत पाण्यापर्यंत आलेली. आणि मागे टिटरस्टोन क्ली टेकडी, ५३३ मीटर, माथ्यावर रडारचे पांढरे गोळे, जिथला काळा दगड, धूस्टोन म्हणतात त्याला, खाणीतून काढून रस्त्यांसाठी दूरवर जायचा. आणि आपण ज्या व्हिटक्लिफवर बसलोय त्याच्याच दगडाने समोरचा किल्ला आणि तट बांधलाय, म्हणजे हा डोंगर थोडा थोडा उचलून पलीकडे नेला असं समजा. लेकीने न विचारता बोट दाखवून सांगितलं, हा चौक, हा स्टॉलचा बोळ, ही वेस, ही नदी. दोन तासांच्या टूरचा सगळा धडा तिथे बसून पाच मिनिटांत पक्का झाला. म्हणून म्हणते, हा भाग टूरमध्ये हवाच होता, आणि सुरुवातीला नाही, शेवटालाच.

परत येताना ब्रेडवॉकने पुढे डिनहॅम ब्रिजला उतरा, हा १८२३ चा, आणि तिथून चढून किल्ल्याच्या भिंतीखालून थेट चौकात येता. वाटेत डिनहॅम हाउस लागतं, नेपोलियनचा भाऊ लुसियन बोनापार्ट याला १८११ मध्ये इथे नजरकैदेत ठेवलं होतं. हा चढ छोटा पण खडा आहे, आई इथे खरंच दमली. ज्यांना जमणार नाही त्यांनी आल्या वाटेनेच ब्रॉड स्ट्रीटने परत जावं, अंतर जास्त पण चढ संथ.

बाकी बारीकसारीक. टूरच्या पानावर सोपी वाट असं लिहिलंय, ते दुरुस्त करायला हवं, व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर काही फुटपाथ खडबडीत आहेत आणि ब्रॉड स्ट्रीट खाली उतरलात की टूर जिथे संपते तिथून स्वतःच वर यायचंय, ते कुणी सांगत नाही. पैसे माणशी दहा पौंडांच्या आत, लहान मुलांना कमी, त्या मानाने खूप मिळतं. पाऊस आला तरी टूर होते. गाइड बाईंना वेगळे पाच स्टार, बुक करताना तारखेला कोण गाइड आहे ते विचारून घ्या, छत्रीने जमिनीवर नकाशा काढणाऱ्या बाई म्हटलं की कळेल. आणि टूर दुपारची घ्या, म्हणजे संपल्यावर व्हिटक्लिफवर संध्याकाळचा उजेड मिळतो, सूर्य तुमच्या मागे असतो आणि किल्ल्याचा दगड पिवळसर होतो. आम्ही त्या नादात एक ट्रेन सोडली, पुढची तासाभराने होती, स्टेशनवर बाजारातून आणलेलं चीज आणि पाव खाल्ला, आई म्हणाली बटाट्याची भाजी आणली असती तर बरं झालं असतं, आणि लेक झोपेत सुद्धा विचारत होती की आता नदी कुठल्या बाजूला आहे.